रेशनचा मामा

"ज्याले मामा नाही त्यानं हात वर करा."

यमुनाबाई असं म्हणाली तेव्हा तिच्या हातात सराटा होता आणि पुढ्यात खिचडीचं पातेलं. उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या आधीचा शेवटचा दिवस. आम्ही पोरं शाळेच्या व्हरांड्यात ताटल्या घेऊन मांडी घालून बसलेलो. यमुनाबाई ढोरे म्हणजे आमच्या शाळेत खिचडी शिजवणारी बाई. हेडमास्तरांपेक्षा आम्ही तिलाच जास्त भ्यायचो. हेडमास्तर फार तर छडी मारत. यमुनाबाई बिघडली तर दुसऱ्यांदा वाढायची नाही.

पोरं खिदळायला लागली. मामा नाही म्हणजे काय? मामा तर कोणालाही असतो.

"हसू नका. मी काय सोंग करून रायली? सुट्टीत जायले ज्याले मामाचं घर नाही, त्यानं हात वर करा."

मी केला नाही. मला मामा नव्हता, पण ते शाळेत कोणाला ठाऊक नव्हतं. "तुह्या मामाचं गाव कोणतं?" असं पोरी विचारायच्या तेव्हा मी दर वर्षी एक नवं गाव सांगायचे. आई ज्या डाळमिलमध्ये कामाला होती, तिच्यासमोर ट्रक उभे राहायचे. त्यांच्यावर जे नाव दिसेल ते माझ्या मामाचं गाव. एका वर्षी इटारसी, एका वर्षी नांदेड. यंदाचं भुसावळ ठरलं होतं. पण बंट्या, माझा धाकटा भाऊ, बालवाडीतून उठून खिचडीच्या वेळी माझ्या मांडीला मांडी लावून बसायचा. त्यानं दोन्ही हात वर केले.

"आमाले नाही," तो साऱ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं म्हणाला. "आमाले एकबी नाही."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. यमुनाबाईनं माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या ताटलीत न मागता आणखी एक सराटा खिचडी घातली.

आमच्या घरची परिस्थिती अशी. बाबा जाऊन दोन पावसाळे झाले होते. आई डाळमिलमध्ये तूर निवडायची. अंधारात भाकरी थापून निघायची ती दिवेलागणीला यायची. शाळा असली की काळजी नव्हती. आम्ही शाळेत, दुपारची खिचडी पोटात. सुट्टी लागली की मात्र सगळीच घडी विस्कटायची. मागच्या उन्हाळ्यात आई आम्हाला घरात ठेवून बाहेरून कुलूप लावून जायची. डोक्यावर टिनं. अकोल्याचा मे महिना ज्यानं काढला नाही, त्याला टिनाखालची दुपार सांगून कळायची नाही. एकदा बंट्याला घरात बसल्या बसल्या ऊन लागलं. तो बरळायला लागला, मी खिडकीच्या गजांतून ओरडले, आणि गल्लीतल्या माणसांनी कुलूप तोडलं. त्यानंतर आईनं कधी कुलूप लावलं नाही. ते तुटकं कुलूप तिनं फेकलंही नाही, दिवळीत ठेवून दिलं.

म्हणून यंदा तिनं काकाला निरोप पाठवला होता, आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की लेकरांना गावी घेऊन जा.

काका वाईट माणूस नव्हता. काकूला नवं बाळ झालं होतं, तिला वावरात जायचं असायचं, आणि बाळाला धरायला घरात कोणी नव्हतं. मी धरीन, बंट्याही तिथंच खेळेल, सुट्टीपुरतं. पण आमच्या शेजारची सविता अशीच सुट्टीपुरती आत्याकडे गेली होती. जूनमध्ये बाईंनी हजेरीला तिचं नाव काही दिवस पुकारलं, मग सोडून दिलं. अजून ती आत्याची लेकरं सांभाळत होती. हे मला माहीत होतं आणि आईलाही. निरोप पाठवल्यापासून ती माझी वेणी घालताना माझ्याशी बोलत नव्हती.

त्याच संध्याकाळी यमुनाबाई घरी आली. दारातच बसली.

"शोभा, दिराले येऊ नको म्हण."

"कशी म्हणू, बाई?" आई म्हणाली. "वाईट वेळेले तेच धावून आले होते. अन् दिवसभर लेकरं कोणाच्या भरोशावर टाकू?"

"मामाच्या."

"मले भाऊ नाही. तुमाले माहीत नाही का?"

"मी देते ना भाऊ," यमुनाबाई म्हणाली. एखादी वाटीभर साखर द्यावी तसं. "मे महिन्यात शाळा बंद होते, शोभा, पोट बंद होत नाही. दर साली मी पाहते. जूनमध्ये लेकरं येतात ते हाडं घेऊन येतात. यंदा म्या वस्तीतले घरं पाहून ठेवले. ज्या घरी दुपारचं माणूस असते, त्या घरी दोन लेकरं. दुपारची भाकर तिथंच. अन् फुकट नाही हं. तुह्या सुट्टीच्या दिवशी तू त्या घरच्या बाईचे सरगुंडे वळून देशीन, पापड लाटून देशीन. उन्हाळ्याचं वाळवण कोणत्या बाईले एकटीनं होते?"

आईनं दिवळीतल्या कुलुपाकडे पाहिलं. "पण भाऊजीले निरोप गेला."

"आखाजीले अवकाश हाय. तोवर ठेवून तं पाह्य."

दुसऱ्या दिवशी सकाळी यमुनाबाई पुढे आणि आम्ही पोरं मागे, शेरडं चालावी तशी वरात निघाली. टेलरच्या घरी दोन, कंपाउंडरच्या म्हातारीकडे दोन, पिठाच्या गिरणीत दोन. प्रत्येक दारात ती एकच वाक्य बोलायची, "हे घे तुहे भाचे." गिरणीवाला म्हणाला, "आता रेशनवर मामाबी भेटून रायले का?" गल्ली हसली. त्या दिवसापासून ते सगळे रेशनचे मामा झाले.

आम्ही दोघं उरलो. यमुनाबाई आम्हाला घेऊन मनोहर सरोदेच्या टपरीपुढे थांबली.

तेव्हा तो माझा मामा नव्हता, पण आता मला त्याला दुसरं काही म्हणवत नाही, म्हणून मामाच म्हणते. मामा कूलर बनवायचा. पत्र्याचे कूलर ठोकायचे, जुन्यांच्या वाळ्याच्या ताट्या बदलायच्या, मोटरी दुरुस्त करायच्या. पुढे टपरी, मागे दोन खोल्यांचं घर, आणि मध्ये लोखंडी स्टँडांची रांग. अंगानं आडवा, भुवया जाड, बोलणं कमी. मुलगा पुण्याला कंपनीत होता. घरात तो आणि कुसुममामी.

"यमुनाबाई," तो हातोडी खाली न ठेवता म्हणाला, "हे बालवाडी होये का?"

"नाही. पण थंडं हाय," यमुनाबाई म्हणाली. "साऱ्या वस्तीत दिवसभर थंडी हवा तुह्याच घरी. दिवसभर कूलर चालवून पाहतं ना? मंग मोकळ्या भिंतीले हवा देण्यापेक्षा या लेकरांले दे. या लहान्याले मागच्या साली ऊन लागलं होतं."

मामानं बंट्याकडे पाहिलं. बंट्या त्याच्याकडे पाहतच नव्हता. तो चालू कूलरपुढे तोंड उघडून उभा होता आणि "आऽऽ" करत होता, कारण पंख्यापुढे आवाज फाटतो.

"ठेव," मामा म्हणाला. "पण आखाजीपर्यंतच."

आईनं मला बजावून पाठवलं होतं, गेल्या गेल्या पाया पड. मी पुढे झाले आणि वाकले. मामा असा मागे सरकला की त्याचा धक्का लागून पाण्याची बादली कलंडली. आतून मामी बाहेर आली होती. तिनं तोंडाला पदर लावला.

"अवं बाई, भाचीनं मामाच्या पाया पडायचं नसते. मामा पडते भाचीच्या पाया. तुले कोणी सांगतलं नाही?"

कोण सांगणार? आईला भाऊ नव्हता, आजीलाही नव्हता. आमच्या वऱ्हाडात घरोघरी चालणारी ही रीत आमच्याच घरात कधी कोणाला वापरायला मिळाली नव्हती. पण ती मला फार आवडली. मी फ्रॉक नीट केला, दोन्ही पाय जुळवले आणि वाट पाहत उभी राहिले.

मामाच्या ते लक्षात आलं. "माह्याकडे काय पाहून रायली? ते खऱ्या भाचीचं असते."

"पडा ना," मामी म्हणाली. "लेकरू हाय. तुमचं काय झिजते?"

"झिजत नाही, बांधल्या जातो माणूस. आज वाकलो का उद्या साडी-चोळी, परवा मंडप, मंग बाळंतपण. पाया पडणं खेळ नोहे. हे रेशनचं काम हाय, सुट्टीपुरतं." मग माझ्याकडे बोट करून म्हणाला, "अन् ऐक. त्या स्टँडावर चढायचं नाही. स्टँड कूलरसाठी हाय, पोट्ट्यांसाठी नाही."

मला रडू आलं. मी ते बादलीतलं सांडलेलं पाणी फडक्यानं पुसत बसले, म्हणजे खाली मान घालायला निमित्त मिळालं. मामीनं येऊन फडकं काढून घेतलं आणि गुळाचा खडा हातावर ठेवला.

त्यानंतरचे दिवस मात्र असे गेले की मला उन्हाळा म्हटलं की अजून तेच आठवतात. जुन्या ताट्यांतला काळा पडलेला वाळा उपटून काढायचा, नवा वाळा सोडवून पसरायचा, जाळीत सारखा भरायचा, कुठं जाड कुठं पातळ राहू द्यायचा नाही. मामा हे काम कोणाला हात लावू द्यायचा नाही. दोन-तीन दिवस मी नुसती पाहत बसले. मग एकदा तो मोटर बांधत असताना मी एक ताटी भरून ठेवली. त्यानं ती उजेडापुढे धरली, उलटी करून पाहिली, आणि कूलरला बसवली. दुसऱ्या दिवशी माझ्यापुढे तीन ताट्या होत्या. नव्या ताटीवर पहिलं पाणी सोडलं की टपरीभर वाळ्याचा वास सुटायचा आणि बंट्या धावत येऊन ताटीला नाक लावायचा.

दुपारी मामी जेवायला हाक मारायची. भाकरी, वरण, कधी झुणका, कांद्याची फोड. मामा जेवताना बोलत नसे. पण बंट्याच्या ताटातलं संपत आलं की त्याचा हात आपोआप टोपलीकडे जायचा.

वाळ्याच्या पेंढ्या जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळून यायच्या. मला वाचायला काहीही चालायचं. एका दुपारी मी ताटी भरता भरता मोठ्यानं वाचत होते, कुठल्याशा तालुक्यात विहिरीत बिबट्या पडला म्हणून.

"मंग?" मामा म्हणाला.

"मंग गावातल्या लोकांनी बाज सोडली विहिरीत."

"बिबट्या बसला का बाजेवर?"

"उरलेलं पान सातवर."

"काढ पान सात."

पान सात त्या पेंढीत नव्हतं. मामानं हातातली मोटर बाजूला ठेवली, कोपऱ्यातल्या साऱ्या पेंढ्या सोडल्या, टपरीभर वाळा पसरला. मामी बाहेर येऊन कपाळाला हात लावून गेली. शेवटी चहाच्या बरणीखाली घातलेलं पान सात सापडलं. बिबट्या बाजेवर बसला होता. वर आला आणि जंगलात निघून गेला. मामानं सुस्कारा सोडला.

"पण मामा, ही बातमी मागच्या वर्षीची हाय," मी तारीख पाहून म्हणाले.

"बरं हाय. जुन्या बातमीत भेव नसते. जे व्हायचं ते होऊन गेलं असते."

तेव्हापासून रोज वाचन. मामाला अक्षर येत नव्हतं असं नाही, पण त्याचा चष्मा फुटला होता आणि नवा करायला तो जात नव्हता. संध्याकाळी आम्ही निघालो की तो मान वर न करता विचारायचा, "उद्या येशीन ना? बातमी अर्धी रायली." बंट्याला त्यानं तेलाच्या डब्याचा एवढासा कूलर बनवून दिला होता. खराब झालेल्या खेळण्याची मोटर, बोटाएवढी पाती, बाजूला वाळ्याच्या चार काड्या. बंट्या तो उशाशी घेऊन झोपायचा. मामा म्हणायचा, "उगाच पत्रा उरला होता."

एके दिवशी मी त्याला सांगून टाकलं. "मामा, आखाजी झाली का काका येणार."

"येऊ दे. पाव्हणा येतेच."

"मले घेऊन जाणार. मंग मी पाचवीत नाही जाणार. सवितासारखं होईन."

हातोडी खिळ्यावर बसायची ती मामाच्या अंगठ्यावर बसली. त्यानं अंगठा पाण्यात बुडवला आणि तसाच धरून बसला. मी वाट पाहिली, पण तो बोलला नाही. मला वाटलं, बरोबरच आहे, रेशनचा मामा आणखी काय बोलणार.

आखाजीला मामीनं आमरस केला. आईनं हातानं वळलेले कणकेचे सरगुंडे होते, त्यावर वाटी वाटी रस. आईलाही बोलावलं होतं. ती मामीबरोबर चुलीपुढे बसून हसत होती आणि मला आठवेना की ती मागे कधी हसली होती. मामीनं माझ्यासाठी फ्रॉक शिवून आणला होता, निळा, खिशाचा.

"हे घ्या, तुमच्या हातानं द्या तिले," ती मामाला म्हणाली.

"तू दे. मी देल्ला म्हणजे मामा झालो," मामा म्हणाला आणि रसाची वाटी तोंडाला लावली.

दुसऱ्या दिवशी दुपारी काका आला.

आधी तो घरी गेला. शेजाऱ्यांनी इकडे पाठवलं. डोक्याला उपरणं गुंडाळलेला, घामानं निथळलेला काका टपरीत आला आणि कूलरच्या हवेत क्षणभर डोळे मिटून उभा राहिला. मामीनं पाणी दिलं. यमुनाबाईला कोणीतरी कळवलं असावं, कारण ती मिलमधून आईला घेऊनच आली. आईच्या केसांवर तुरीचं पीठ होतं. तिनं डोक्यावरून पदर घेतला आणि खांबाशी उभी राहिली.

"वहिनी, तयारी झाली ना पोरांची?" काका मऊ आवाजात म्हणाला. "चारच्या गाडीनं निघतो. तुमच्या जाऊनं वाट पाहून पाहून बाळाले शेजारणीच्या गळ्यात टाकलं."

आई म्हणाली, "भाऊजी, इथं बरी सोय लागली हाय लेकरांची."

"सोय हाय, मी नाही कोठी म्हणतो? पण किती दिवस लोकाच्या दारात जेवतीन? आपलं घर असताना? लोक मले काय म्हणतीन, भावाची लेकरं वाऱ्यावर सोडली म्हणतीन." तो मनापासून बोलत होता, आणि तेच कठीण होतं. "सुट्टीपुरतं तं हाय."

"सुट्टी सरल्यावर धाडशीन का तिले?" यमुनाबाईनं विचारलं.

काकानं उपरण्यानं मान पुसली. "बाळ चालाले लागलं का धाडतो."

बाळ अजून पालथंही पडत नव्हतं. आईनं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तिला दिराला नाही म्हणता येत नव्हतं. बाबांच्या वेळेला तोच धावून आला होता, आणि पुढे कधी वेळ आली तर पुन्हा तोच येणार होता. मी निळ्या फ्रॉकच्या खिशात हात घातले. दोन्ही मुठी आवळल्या. मला मोठ्यानं ओरडायचं होतं, पण आईकडे पाहून मी ओरडले नाही.

"चाल, मोनाली," काका म्हणाला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"थांबा, पाव्हणे," मामा म्हणाला.

तो इतका वेळ कोपऱ्यात मोटर बांधत होता. काकानं वळून पाहिलं. "भाऊ, तुमचे उपकार हायेत. लेकरांले सांभाळलं. पण पोरगी आमच्या घरची हाय. तुमचं काय नातं?"

मामानं मोटर खाली ठेवली. बादलीत हात बुडवले, कोपरापर्यंत धुतले, मामीच्या पदराला पुसले. मग चपला काढल्या. मला वाटलं तो काकाला बाहेर काढतो की काय. तो माझ्यापुढे आला, कमरेत वाकला, गुडघे टेकवले, आणि माझ्या दोन्ही पायांना हात लावून तो हात स्वतःच्या कपाळाला लावला. माझ्या पायांवर वाळ्याचा कचरा होता. तो त्याच्या कपाळाला चिकटला.

टपरीत कूलरचं पाणी टपटप पडत होतं. मामीनं डोळ्याला पदर लावला. यमुनाबाई, जी कधी गप्प बसत नाही, ती गप्प होती.

मामा उठला. "आता सांगतो नातं. मी हिचा मामा. माह्यी भाची माह्या घरी सुट्टीले आली हाय. सुट्टी सरल्याशिवाय मामाच्या घरून भाची उठवून नेत नसतात, पाव्हणे. तुमच्या गावाले नेत असतीन तं मले माहीत नाही."

काका स्वतः दोन भाच्यांचा मामा होता. कोणाच्या पायावर कोण डोकं ठेवतो आणि त्याचा अर्थ काय, हे त्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. वस्तीत सगळ्यांसमोर, परक्या माणसानं, हात धुऊन, चपला काढून. असं कोणी गमतीनं करत नाही. त्यानं माझ्या खांद्यावरचा हात काढला.

"अन् सुट्टी सरली का?" त्यानं विचारलं, पण आवाज बदलला होता.

"सुट्टी सरली का मी सोतां तिले शाळेत नेऊन घालीन. पाचवीत."

काका खाली बसला. मामीनं चहा टाकला. "बाळाचं कसं करू मंग?" तो कोणालाच उद्देशून नाही असं म्हणाला, आणि त्या वेळी मला त्याची पहिल्यांदा दया आली.

"तुमच्या गावात घरं नाहीत का?" यमुनाबाईला वाचा फुटली. "दुपारचं माणूस असलेलं घर पाह्य. नाही सापडलं तं मले बोलाव. तुह्या गावातबी दोन-चार मामा काढून देते."

काका हसला. आईही हसली, आणि हसता हसताच खांबाला टेकून रडायला लागली. मामीनं तिला आत नेलं. बंट्या काकाच्या मांडीवर जाऊन बसला आणि त्यानं डब्याचा कूलर त्याच्या तोंडापुढे धरला. चारच्या गाडीनं काका एकटाच गेला.

जूनमध्ये मामा मला शाळेत घेऊन गेला. नव्या बाई होत्या. त्यांनी विचारलं, "आपण कोण?"

"मामा," मामा म्हणाला. मला वर्गात बसवून निघताना म्हणाला, "आता झालं. बांधल्या गेलो."

आणि तसंच झालं. त्यानं पहिल्या दिवशी जे जे म्हटलं होतं ते एकेक करून सगळं झालं. साडी-चोळी झाली. माझ्या लग्नात भटजींनी "मुलीच्या मामानं मुलीले आणावं" म्हटलं तेव्हा फेटा बांधलेला मामा पुढे झाला. मागून यमुनाबाई साऱ्या वऱ्हाडाला सांगत होती, "हा मामा म्या देल्ला होये." बाळंतपणाला मामी दोन महिने माझ्याकडे येऊन राहिली. प्रत्येक वेळी मामा कुरकुरायचा, "तवाच म्हटलं होतं." आणि मी गेले की आधी हात धुवायचा, चपला काढायचा, वाकायचा. मी कितीही मागे सरकले तरी.

मी आता यवतमाळला नर्स आहे. गेल्या मे महिन्यात माझ्या मुलीला सुट्टी लागली तेव्हा तिला घेऊन गेले. मामी जाऊन तीन वर्षं झाली. टपरीत आता प्लास्टिकचे कूलर विकायला ठेवलेले असतात, वाळ्याची ताटी कोणी मागत नाही. मामाच्या गुडघ्यांनी हात टेकले आहेत. मी आत आले तेव्हा तो खुर्चीतून काठीच्या आधारानं उठला, नळाशी गेला, हात धुतले, आणि माझ्यापुढे येऊन वाकायला लागला. अर्ध्यात अडकला. चेहरा वेदनेनं आवळला गेला.

"मामा, राहू द्या," मी त्याला धरलं. "इतके वर्षं पडले ना पाया. पुरे आता."

तो इकडे तिकडे पाहत राहिला. मग कोपऱ्यातला एक जुना लोखंडी स्टँड काठीनं ओढत त्यानं मधोमध आणला.

"चढ," तो म्हणाला.

"मामा, स्टँड कूलरसाठी हाय. पोट्ट्यांसाठी नाही."

"चढ म्हणतो ना."

मी चप्पल काढली आणि चढले. दोन लेकरांची आई, सरकारी दवाखान्यात इंजेक्शनं देणारी बाई, भर दुपारी टपरीत कूलरच्या स्टँडावर उभी. रस्त्यावरून जाणारी माणसं थांबून पाहत होती. माझी मुलगी टाळ्या वाजवत होती. मामानं एका हातानं स्टँड धरला, हलू नये म्हणून. दुसरा हात माझ्या पायांवर ठेवला, मग डोकं टेकवलं. गुडघे वाकवायची गरज पडली नाही. त्याचे पांढरे केस माझ्या पायाला लागले, आणि मला त्या दिवशी आवरलेलं सगळं रडू आलं. मी ते अडवलं नाही.

मामा सरळ झाला. त्यानं हात कपाळाला लावला.

"उतर आता," तो म्हणाला. "स्टँड मोडशीन."